जुने वळण, नवे शिक्षण आणि मुलांचे सुख



एरवी मी तुमच्याशी बी-बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी बोलतो. आज विषय पिकाचा नाही, पोराबाळांचा आहे. तीस वर्षे बांधाबांधाने हिंडताना माझ्या लक्षात आले आहे की शेतकरी आधी पिकाची तक्रार सांगतो, मग पाण्याची, मग भावाची. अगदी उठायच्या वेळी हळूच मुलाचा विषय काढतो. खरी बोच तिथे असते.

गेल्या उन्हाळ्यात मातीचे नमुने घ्यायला एका वस्तीवर गेलो होतो. काम आटोपले, कडुलिंबाखाली चहा आला. घरातले म्हातारे आबा जवळ येऊन बसले.

"साहेब, एक इचारू का?"

"विचारा की, आबा."

"नातू पुण्याला शिकतोय. मार्क चांगलं पडत्यात. आम्ही काय बी कमी पडू देत न्हाई. पण दिवाळीला आला तर चार दिस भिंतीकडं तोंड करून पडून व्हता. इचारलं तर म्हणतो, काही नाही. आमच्या येळंला खायाला नव्हतं, पण माणूस हसत व्हता. आता समदं हाय आन् पोराच्या तोंडावर हसू न्हाई. जुनं वळण सुटलं म्हणून असं झालं, का नवं शिक्षण बाधलं?"

मी काहीतरी धीराचे बोललो आणि उठलो. पण गाडीवर बसल्यावर स्वतःशीच कबूल केले की या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. त्यानंतर जे वाचत गेलो, त्यातून चीनच्या विद्यार्थ्यांची हकीकत समोर आली. तीच आज तुम्हाला सांगणार आहे, कारण आबांचा प्रश्न तिथे कोट्यवधी घरांना पडलेला आहे आणि तिथल्या जाणत्या लोकांनी त्याचा नीट अभ्यासही केला आहे.

चीनच का?

चीन म्हटले की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली ते भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर तिकडे गेले, जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली तिथेच वारले. बाकी चीन आपल्याला लांबचा वाटतो. पण तिथल्या शेतकऱ्याच्या घरात डोकावले तर ओळखीचे बरेच दिसते. भाताची खाचरे, लहान लहान तुकड्यांची जमीन, घरात म्हाताऱ्यांचा मान, पूर्वजांचे पूजन आणि "पोराने शिकून घराण्याचे नाव काढावे" ही इच्छा.

एक उदाहरण सांगतो. चिनी लोक नव्या वर्षाला दारावर लाल कागदावर एक अक्षर लिहून लावतात. त्याचा उच्चार 'फू', अर्थ सौभाग्य, बरकत. या अक्षराच्या एका बाजूला एक, तोंड आणि शेत अशी तीन चिन्हे एकाखाली एक येतात. तिथले लोक गमतीने त्याची फोड करतात की खाणाऱ्या तोंडाला शेत असले म्हणजे सुख. शेतकऱ्याला याहून वेगळे काय सांगायचे!

पण ती शेताची आणि सुखाची गाठ तिथे फार वेगाने बदलली. १९७८ साली आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग नावाच्या खेड्यात अठरा शेतकऱ्यांनी चोरून एका कागदावर अंगठे उठवले. सामुदायिक शेती मोडून प्रत्येकाने आपापला तुकडा कसायचा, असा तो करार होता. पुढाऱ्यांना तुरुंगात जावे लागले तर त्यांची मुले बाकीच्यांनी सांभाळायची, असेही त्यात ठरले होते. पुढे सरकारनेच ही पद्धत देशभर लागू केली. उत्पादन वाढले, कारखाने आले, तरुण माणसे शहरांकडे गेली. दोन पिढ्यांत भाकरीची चिंता मिटली.

आता आबांचा प्रश्न पाहा. पैसा आल्यावर सुख वाढले का? अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० ते २०१० या वीस वर्षांची पाहणी तपासून २०१२ साली प्रसिद्ध केली. या काळात चिनी माणसाचा सरासरी खर्च, म्हणजे खाणेपिणे, कपडालत्ता, घरसामान, किमान चौपट झाला. पण "तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात?" या प्रश्नाचे उत्तर वर गेले नाही. आधी ते खाली घसरले आणि नंतर थोडे सावरले. सावरूनही ते १९९० पेक्षा वर गेले नाही. तेव्हा "समदं हाय आन् हसू न्हाई" असे म्हणणारे आबा एकटे नाहीत.

म्हातारा वर, लेकरू खाली

चीनच्या जुन्या वळणाचा पाया कन्फ्यूशियस या विचारवंताने घातला. ख्रिस्तापूर्वी ५५१ साली जन्मलेला हा माणूस शिक्षक होता. त्याच्या शिकवणीत 'श्याओ' या शब्दाला मोठी जागा आहे. आपण मातृपितृभक्ती म्हणतो, तीच ही. हे अक्षर लिहिताना वर 'म्हातारा' आणि खाली 'लेकरू' अशी चिन्हे येतात, जणू लेकराने म्हाताऱ्याला पाठीवर घेतले आहे. आपल्याकडचा कावड घेतलेला श्रावणबाळ डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अर्थ लागेल.

आपल्या श्रावणबाळासारख्या तिकडे चोवीस मातृपितृभक्तांच्या गोष्टी आहेत. एक मुलगा सावत्र आईला मासा हवा म्हणून गोठलेल्या नदीच्या बर्फावर उघड्या अंगाने निजतो. दुसरा आईबापांना डास चावू नयेत म्हणून स्वतःला चावून घेतो. शेकडो वर्षे मुलांना या गोष्टी सांगितल्या गेल्या. पण त्यातच एक गोष्ट अशीही आहे की घरात अन्न अपुरे, तेव्हा आईच्या तोंडचा घास जाऊ नये म्हणून एक माणूस आपले तान्हे मूल पुरायला निघतो. खड्डा खणताना त्याला सोने सापडते आणि मूल वाचते. लू शुन हे चीनचे नामवंत लेखक. त्यांनी १९२६ साली लिहून ठेवले आहे की लहानपणी ही गोष्ट वाचून आपण धास्तावलो. घरात हलाखी आली आणि वडिलांनी असाच भक्त व्हायचे ठरवले तर आपले काय होईल!

बंधूंनो, या गोष्टीपाशी क्षणभर थांबा. एकाच पुस्तकात माया आहे आणि भीतीही आहे. जुने वळण म्हणून आपण जे एक गाठोडे समजतो, त्यात या दोन वेगळ्या वस्तू बांधलेल्या असतात. पुढे सगळे त्यावरच येणार आहे.

या वळणाला तरुणांनी आव्हान दिले नाही असे नाही. १९१९ सालच्या ४ मे रोजी पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. कारण परदेशी सत्तांच्या अन्यायाचे होते, पण त्या चळवळीतून जुन्या कुटुंबपद्धतीवरही टीकेची झोड उठली. १९६६ साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली, तेव्हा तर "जुने ते सगळे मोडा" अशीच हाक होती. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना भर सभेत अपमानित केले, काहींनी स्वतःच्या आईबापांविरुद्ध साक्षी दिल्या. ही धुमाळी दहा वर्षे चालली. जुने मोडल्याने कोणी सुखी झाले नाही. उलट त्या पिढीतल्या कितीतरी माणसांना केल्या गोष्टीचा पस्तावा जन्मभर पुरला.

एका परीक्षेवर सगळा डाव

जुन्या चीनमध्ये सरकारी अधिकारी व्हायचे तर परीक्षा द्यावी लागे. ही परीक्षापद्धत सुमारे तेराशे वर्षे चालली आणि १९०५ साली बंद झाली. शेतकऱ्याच्या घरातला पुरुषही परीक्षा देऊन मोठा अधिकारी होऊ शकतो, ही आशा तिने लोकांच्या मनात खोल रुजवली. आजची 'गाओकाओ', म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, त्याच आशेवर उभी आहे. सांस्कृतिक क्रांतीत ती बंद पडली होती. १९७७ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली तेव्हा खेड्यांत राबायला धाडलेली तरुण मंडळी शेतातून, कारखान्यातून उठून परीक्षेला बसली. सुमारे ५७ लाख बसले आणि पावणेतीन लाखांच्या आसपास प्रवेश मिळाले, म्हणजे वीस जणांत जेमतेम एक. २०२४ साली परीक्षेला नाव नोंदवणाऱ्यांची संख्या १ कोटी ३४ लाखांवर होती.

आता जागा पुष्कळ झाल्या आहेत. पण नामवंत विद्यापीठांच्या जागा थोड्याच, म्हणून चुरस हटलेली नाही. जूनच्या ७ तारखेला परीक्षा सुरू होते. त्या दिवशी केंद्राजवळची बांधकामे थांबवतात, पोलीस रस्ते मोकळे ठेवतात, आया शुभशकुनाचा पारंपरिक पोशाख घालून फाटकाबाहेर उभ्या राहतात. आधीची तीन वर्षे मुलाचा दिवस पहाटे सुरू होऊन रात्री उशिरा संपतो. वर्गातल्या फळ्यावर परीक्षेला उरलेले दिवस रोज मोजून लिहितात.

ज्या आन्हुई प्रांतात त्या अठरा शेतकऱ्यांनी अंगठे उठवले, त्याच प्रांतात माओथानछांग नावाचे डोंगरातले एक गाव आहे. तिथली शाळा या परीक्षेच्या तयारीसाठी चीनभर प्रसिद्ध आहे. हजारो मुले तिथे येतात, त्यांत खेड्यांतली पुष्कळ. अनेक आया घरदार सोडून शाळेजवळ खोली भाड्याने घेतात आणि वर्ष-दोन वर्षे केवळ मुलाच्या जेवणाखाण्यासाठी राहतात. बाप दूर शहरात मजुरी करून पैसे धाडतो. अशा आयांना चिनी भाषेत नावच पडले आहे. त्याचा अर्थ 'अभ्यासाला सोबत करणारी आई'.

त्यागात कुठेही खोट नाही. पण त्या मुलाच्या जागी बसून पाहा. समोर ताटात गरम जेवण आहे आणि त्या ताटामागे आईचे मोडलेले घर आहे. एका परीक्षेचा भार त्याला पेलवेल, पण आईबापांच्या सगळ्या आयुष्याची परतफेड एका निकालात करायची आहे असे वाटले, तर घास कसा उतरेल?

त्यात भर पडली कुटुंबनियोजनाच्या कडक कायद्याची. १९८० च्या सुमारापासून २०१५ पर्यंत चीनमध्ये 'एक मूल' धोरण होते. खेड्यांत पुष्कळ ठिकाणी पहिली मुलगी असली तर दुसऱ्या मुलाला परवानगी मिळे, शहरांत मात्र एकच. चार आजी-आजोबा, दोन आईबाप आणि एक लेकरू. माया सहा जणांची, आणि अपेक्षाही सहा जणांची!

वाढीव युरिया आणि लोळलेले पीक

गेल्या काही वर्षांत चिनी तरुणांच्या तोंडी दोन शब्द फार आले. पहिला 'नेइज्वान'. शब्दशः अर्थ आतल्या आत गुंडाळत जाणे. सगळेच जास्त धावतात आणि कोणीच पुढे जात नाही, अशा धडपडीला ते हा शब्द लावतात. २०२० च्या सुमारास तो विद्यार्थ्यांच्या तोंडी घराघरांत पोचला.

गंमत अशी की हा शब्द मूळचा शेतीच्या अभ्यासातला आहे. क्लिफर्ड गीर्ट्झ या अभ्यासकाने १९६३ साली जावा बेटावरच्या भातशेतीविषयी पुस्तक लिहिले. पुढे फिलिप हुआंग यांनी १९८५ साली उत्तर चीनच्या शेतकऱ्यांविषयी लिहिताना हाच विचार वापरला. म्हणणे साधे आहे. जमीन तेवढीच, माणसे वाढत गेली. त्याच तुकड्यात जास्त हात, जास्त खुरपणी, जास्त कष्ट. एकूण पीक थोडे वाढते, पण दर माणशी दिवसाची कमाई घटत जाते. कष्ट वाढतात, बरकत वाढत नाही.

हे तुम्हाला मी निराळे समजवायला नको. युरियाचे पहिले पोते पीक वाढवते, दुसरे थोडे वाढवते, आणि तिसऱ्या पोत्याने काय होते ते तुम्ही पाहिले आहे. पीक हिरवेगार, उंच दिसते आणि एका वाऱ्यात आडवे होते. आपण म्हणतो, पीक लोळले.

चिनी तरुणांचा दुसरा शब्द नेमका हाच आहे. 'थांग-फिंग', म्हणजे सपाट आडवे पडून राहणे. २०२१ साली तो गाजला. जास्त पगार नको, मोठे घर नको, लग्नाची घाई नको, पोटापुरते मिळवू आणि पडून राहू, असा त्याचा भाव. वडीलधाऱ्यांनी याला आळस म्हटले. पण लोळलेल्या पिकाला आळशी म्हणणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही. आपण आधी विचारतो की खत किती दिले होते, पेरणी दाट झाली का, मुळाला ओल कशी होती.

सरकारनेही काही केले. जुलै २०२१ मध्ये शाळेचा गृहपाठ कमी करायचा आणि मुख्य विषयांच्या नफेखोर शिकवण्या बंद करायच्या असा हुकूम निघाला. पण परीक्षा तीच राहिली, म्हणून काही शिकवण्या चोरून चालू राहिल्या. २०२३ च्या जूनमध्ये शहरांतल्या १६ ते २४ वयाच्या तरुणांत बेकारीचे प्रमाण २१.३ टक्के नोंदले गेले. शिकूनही काम नाही, हे दुःख आपल्यालाही नवे नाही.

पण सुखाचा प्रश्न केवळ नोकरीचाही नाही. पेकिंग विद्यापीठात देशातली निवडक मुले जातात. तिथले मानसोपचारतज्ज्ञ शू काइवेन यांनी २०१६ साली एका नव्या दुखण्याकडे लक्ष वेधले. त्याला त्यांनी 'पोकळ काळजाचा आजार' असे नाव दिले. मुले हुशार, यशस्वी, आज्ञाधारक. पण आपण हे सगळे कशासाठी करतो, हे त्यांना सांगता येत नाही. लहानपणापासून दुसऱ्याने आखलेल्या सरीतून चालत आली, सरी संपली तेव्हा पुढे काय ते कळेना.

दोन प्रकारची भक्ती

आता आबांच्या प्रश्नाकडे वळतो. जुने वळण सुटले म्हणून दुःख, की नवे शिक्षण बाधले म्हणून?

तैवानचे मानसशास्त्रज्ञ यांग क्वो-शू यांनी आयुष्यभर चिनी माणसाच्या मनाचा अभ्यास केला. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही की जुने आणि नवे ही एकाच काठीची दोन टोके नव्हेत. एकीकडे सरकलो की दुसरीकडून सुटलो, असे होत नाही. एकाच मुलात दोन्ही असू शकते. मग त्यांनी दोन्ही गाठोडी सोडून आतल्या वस्तू वेगळ्या मांडल्या. जुन्यात त्यांना पाच सापडल्या: वडीलधाऱ्यांपुढे मान तुकवणे, मातृपितृभक्ती व पूर्वजपूजा, सोसून नेणे, नशिबावर हवाला आणि पुरुषाचे वर्चस्व. नव्यातही पाच: समता व मोकळे मन, स्वतःच्या पायावर एकटे उभे राहणे, उमेद व ठामपणा, सुखोपभोगाची ओढ आणि स्त्री-पुरुष बरोबरी.

ही यादी वाचताना तुम्हीही मनात निवड करू लागला असाल. जुन्यातले सगळे सोने नाही आणि नव्यातले सगळे विष नाही.

तैवानचेच ये क्वांग-ह्वेइ यांनी ओल्वेन बेडफर्ड यांच्यासह २००३ साली यापुढचे पाऊल टाकले. मातृपितृभक्तीचेच त्यांनी दोन प्रकार दाखवले. एक मायेची भक्ती: आईबापांनी मला जीव लावला, म्हणून मलाही त्यांची ओढ आहे, त्यांचे म्हातारपण मी सांभाळीन. दुसरी हुकमाची भक्ती: ते मोठे आहेत म्हणून त्यांची इच्छा तीच माझी, माझे मन मी गप्प बसवीन. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्ही मुले पाया पडतात, दोन्ही मुले सांगितलेल्या शाखेला जातात. पण या विषयावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा असे आढळले की मायेची भक्ती असलेली मुले अधिक समाधानी असतात. ती माणसांत मिसळतात, पडती बाजू सोसतात. हुकमाच्या भक्तीने तसा लाभ दिसत नाही, उलट अनेकदा मनावरचा ताणच वाढलेला दिसतो.

आबांना द्यायचे उत्तर मला इथे सापडले. वळण जुने की नवे, हा प्रश्नच जरा चुकीचा आहे. मूल आपल्याशी मायेने बांधलेले आहे की धाकाने, हा खरा प्रश्न आहे.

दुसरा एक अभ्यास सांगतो. लुओ लू आणि रॉबिन गिलमोर यांनी चिनी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना "सुख म्हणजे काय?" यावर मनमोकळा निबंध लिहायला सांगितला. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकी मुलांच्या लिहिण्यात 'मी' पुढे होता: माझी धडपड, माझे यश, माझा आनंद. चिनी मुलांच्या लिहिण्यात घरची कर्तव्ये नीट पार पाडणे, माणसांशी जुळवून घेणे आणि सुखदुःखाचा तोल राखणे यांवर भर होता. म्हणजे शिकलेल्या मुलालाही घर हवेच असते. त्याला घरापासून तोडून सुखी करता येत नाही आणि घराच्या दडपणाखाली ठेवूनही करता येत नाही.

जुन्यातले काय टाकावे

पुरुषाच्या वर्चस्वाचे उदाहरण घ्या. म्हातारपणी सांभाळायला, पूर्वजांची पूजा करायला मुलगाच हवा, ही समजूत चीनमध्ये खोल होती. एका मुलाचा कायदा आणि ही समजूत एकत्र आली आणि अनर्थ झाला. २०१० च्या शिरगणतीत जन्मलेल्या दर १०० मुलींमागे सुमारे ११८ मुलगे आढळले. खेड्यांतले कितीतरी तरुण आज लग्नावाचून राहिले आहेत. आपल्या काही गावांतही हे चित्र दिसू लागले आहे, ते कोणाला सांगायला नको.

पण याच कायद्याने शहरात दुसरेही घडले. मुलगी एकुलती एक, तेव्हा आईबापांनी तिलाच मुलासारखे शिकवले. त्या मुली शिकल्या, कमावत्या झाल्या आणि आईबापांना सांभाळू लागल्या. मातृपितृभक्ती तशीच राहिली, पुरुषाचे वर्चस्व तेवढे गळून पडले. जुन्यातले चांगले ठेवून वाईट टाकता येते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

नव्यातले काय घ्यावे

आपले मत मांडणे, आपला रस्ता निवडणे, मुलगा-मुलगी समान मानणे, हे घेण्यासारखे आहे. पण पैसा म्हणजेच सुख, आणि कोणाची गरज नाही म्हणजेच स्वातंत्र्य, या दोन गोष्टी नव्या असल्या तरी त्यांच्या नादी लागून मुले सुखी झालेली दिसत नाहीत. केवळ पैशाला मोठे मानणारी माणसे कमी समाधानी असतात, हे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांतून दिसून आले आहे.

एकटेपणाची गोष्ट तर फार जड आहे. चीनमध्ये १९५८ पासून रहिवासाच्या नोंदणीची कडक पद्धत आहे. खेड्यातला माणूस शहरात मजुरीला गेला तरी नोंद गावचीच. त्यामुळे त्याच्या मुलाला शहरातल्या शाळेत सहज जागा मिळत नाही. मग मूल गावी आजी-आजोबांजवळ राहते. २०१३ साली तिथल्या महिला महासंघाने अशा मागे राहिलेल्या मुलांची संख्या ६ कोटींहून अधिक असल्याचे सांगितले. आईबाप येतात ते नव्या वर्षाच्या सणाला. त्याच २०१३ च्या जुलैपासून चीनमध्ये कायद्यात असे कलम आले की लांब राहणाऱ्या मुलांनी म्हाताऱ्या आईबापांना वरचेवर भेटावे, विचारपूस करावी. पण जे पोर आईबापांवाचून वाढले, त्याला कायद्याने माया कशी लावणार?

माझी चूक

लोकांना सांगताना स्वतःचे लपवू नये. माझ्या मुलीला चित्रकला शिकायची होती. मी शास्त्र शाखा घ्यायला लावली. तिने हूं की चूं केले नाही. मला वाटले, किती गुणी मुलगी! पहिल्या वर्षी गुणही चांगले पडले. फोनवर मी विचारायचो, "अभ्यास झाला का?" ती म्हणायची, "हो बाबा." वर्षभर आमचे बोलणे एवढेच.

एकदा सरकारी कामाने तिच्या वसतिगृहाच्या गावी गेलो. हिला घेऊन खानावळीत बसलो. त्या दिवशी मी थकलो होतो, म्हणून अभ्यासाचे विचारायचे विसरलो. सहज म्हणालो, "तू बारीक झालीस गं. रात्री झोप लागते का?" तिने ताटावर मान घातली आणि रडू लागली. दोन महिने तिला नीट झोप नव्हती. मला पत्ता नव्हता, कारण मी ते विचारलेच नव्हते. तिची आज्ञाधारकता मी माया समजत होतो. ती हुकमाची भक्ती होती.

पुढे तिने शास्त्राची पदवी पुरी केली, पण स्वतः ठरवून. सुटीत ती चित्रे काढते. आता फोनवर माझ्याशी भांडतेही. ते भांडण मला गोड वाटते.

एवढे करून पाहा

माझी सवय अशी की चर्चा झाली की शेवटी चार कामाच्या गोष्टी सांगायच्या.

एक, शिकणाऱ्या मुलाला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न मार्कांचा नको. जेवलास का, झोप होते का, मित्र कोण आहेत, हे विचारा. घरचेही सांगा. गाय व्याली, विहिरीला पाणी आले, आजीने आठवण काढली. त्याला घराचा धागा लागतो.

दोन, "तुझ्यासाठी आम्ही रान गहाण टाकले" हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवू नका. घरची अडचण एकदा नीट बसून सांगा, हिशेबासह. अडचण समजलेले मूल शहाणे होते, उपकार ऐकवलेले मूल पिचते.

तीन, शाखा निवडताना त्याला बोलू द्या. तुमचे म्हणणे ठामपणे मांडा, पण शेवटचा शब्द त्याचाही असू द्या. आणि एका परीक्षेपलीकडे दुसरा रस्ता कोणता, हे परीक्षेआधीच मिळून ठरवून ठेवा.

चार, सुटीला आल्यावर त्याला पाहुण्यासारखे बसवू नका आणि अपराध्यासारखे उलटतपासणीलाही घेऊ नका. शेतावर सोबत न्या. हाताला काम आणि शेजारी बाप असला की पोर बोलू लागते.

पाच, मूल दोन आठवड्यांहून जास्त गप्प असेल, खात-झोपत नसेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल तर अंगारे-धुपारे करत वेळ घालवू नका आणि लाजूही नका. पिकावर रोग दिसला की आपण थांबत नाही, मग पोराच्या बाबतीत का थांबावे? डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, त्यावर बोलता येते.

चीनचे युआन लाँगपिंग हे संकरित भाताचे जनक मानले जातात. हुनान प्रांतातल्या एका कृषी शाळेत ते शिक्षक होते. १९७० साली त्यांच्या सहकाऱ्यांना हायनान बेटावर जंगली भाताचे एक नर-वंध्य रोप सापडले. त्या रानटी रोपाचा गुण सुधारित वाणांत आणून पुढच्या काही वर्षांत त्यांनी संकरित भात तयार केला. जुने रानटी म्हणून त्यांनी फेकले नाही, आणि जुने आहे म्हणून जसेच्या तसे पेरलेही नाही. कोणता गुण घ्यायचा, ते निवडले. २०२१ साली ते वारले तेव्हा शहरातले विद्यार्थीही फुले घेऊन रांगेत उभे राहिले होते.

आबांकडे मी पुन्हा जाणार आहे. पेरणीची घाई आटोपली आणि जरा वाफसा झाला की जाईन. त्यांना सांगेन, "आबा, जुनं वळण सुटलेलं नाही आणि शिक्षणही बाधलेलं नाही. नातू सुटीला आला की त्याला बांधावर घेऊन बसा, आणि तुमच्या वेळेचं सांगण्याआधी त्याच्या वेळेचं विचारा."

तुमच्या घरी शिकणारे मूल असेल तर तुम्हीही हे आज रात्री करून पाहा. फोन करायला पैसे फारसे पडत नाहीत.